गवत, पाणी आणि परवानगी : यवतमाळच्या वाटांचा इतिहास

बंजारा समाजाच्या परंपरेत एका ताम्रपटाची कथा आहे. शाहजहानचा वजीर आसफखान दख्खनच्या मोहिमेवर आला तेव्हा, म्हणजे साधारण १६३० च्या सुमारास, त्याच्या फौजेला धान्य पुरवण्यासाठी राठोड कुळातले भंगी आणि जंगी हे दोन नाईक आपले तांडे घेऊन बरोबर आले. त्यांच्याकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते, तर वडतिया कुळातल्या भगवानदासाकडे बावन्न हजार. दोन्ही तांड्यांत पाण्यावरून आणि चाऱ्यावरून कुरबुरी होऊ लागल्या. धान्य वेळेवर पोचणे हीच वजिराची खरी गरज होती. म्हणून त्याने भंगी-जंगींना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट करून दिला, अशी ही कथा.

त्यातला मजकूर थोडक्यात असा. पाणी दुसरीकडे मिळाले नाही तर माझ्या माणसांच्या रांजणातले घ्या. गवत मिळाले नाही तर त्यांच्या झोपड्यांवरचे छप्पर उपसून बैलांना घाला. दिवसाला तीन खून झाले तरी माफ आहेत. अट एकच. जिथे माझे घोडे असतील तिथे तुमचे बैल हजर पाहिजेत.

हा मजकूर पहिल्यांदा व्यवस्थित टिपून ठेवला तो वऱ्हाड पोलिसातल्या कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने. तो वणी जिल्ह्यात होता. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणत, यवतमाळ हे नाव १९०५ साली आले. बंजाऱ्यांवरची त्याची टिपणे १८६९ च्या आसपासची मानली जातात, १८८२ साली ती पुन्हा छापली गेली आणि पुढे रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात ती वापरली. आज ताम्रपटाचा उल्लेख जिथे जिथे दिसतो तिथून मागे जात राहिले की बहुतेक वेळा आपण याच टिपणांशी येऊन थांबतो. परंपरेत वजिराचे नाव 'आसफजाह' असे येते आणि त्यामुळे काही लेखक हा ताम्रपट हैदराबादच्या पहिल्या निजामाच्या नावावर घालतात. निजामाचा काळ जवळजवळ शंभर वर्षांनंतरचा आहे. मोहिमेचा तपशील पाहता शाहजहानच्या वजिराचेच नाव मला पटते.

ताम्रपटाविषयी लिहिणारे सगळे त्या तीन खुनांपाशी रेंगाळतात. साहजिक आहे, वाक्यच तसे आहे. मला मात्र त्यातले पाणी आणि गवत जास्त महत्त्वाचे वाटते. खून हा मोबदल्याचा भाग आहे, पाणी-गवत ही प्रवासाची मूळ गरज आहे. एका बैलाला दिवसाला पाच किलो सुका चारा धरला, आणि हा हिशेब कंजूषपणाचाच आहे, तरी एक लाख ऐंशी हजार बैलांना रोज नऊशे टन चारा लागेल. परंपरेतला आकडा फुगवलेला आहे असे मानून त्याचा दहावा हिस्सा केला तरी रोज नव्वद टन. एवढे गवत कुठल्याही एका गावच्या शिवारात नसते. तांडा पुढे सरकत राहतो तो या कारणाने. त्याला रोज नवे गाव, नवे रान, नवा पाणवठा लागतो. म्हणजेच रोज कुणाच्या तरी जमिनीवर पाय ठेवावा लागतो.

तर हा ताम्रपट म्हणजे परवानगीचा कागद आहे, आणि परवानगीच्या कागदाला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे देणाऱ्याचे काय गेले? वजिराने आपल्या फौजेतल्या माणसांचे रांजण आणि छपरे देऊ केली. वाटेतल्या गावकऱ्यांच्या गवताबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते विचारावे असे कुणाला वाटलेच नाही, कारण फौज जिथून जाते तिथले गवत फौजेचे असते हे गृहीत होते. बंजारे गावांशी कसे वागले याची नोंद या कागदात मिळत नाही. ते ज्यांच्या रानातून गेले त्यांच्याकडे ताम्रपट नव्हते.

गावांच्या बाजूने पाहू लागलो की साधने बदलतात. कागद विरळ होतो आणि शब्द बोलू लागतात. वऱ्हाडात शेताला 'वावर' म्हणतात आणि वावराच्या बांधाला 'धुरा'. धुरा ही दोन वावरांची हद्द असते आणि वाटही. नांगर फिरत नाही म्हणून तिथे गवत वाढते, ते कापायचा हक्क कुणाचा यावरून भांडणे होतात आणि त्याच धुऱ्यावरून तिसऱ्याच्या वावरात जाणारी बाई डोक्यावर शिदोरी घेऊन जात असते. गावाची वस्ती 'पांढरी', लागवडीची जमीन 'काळी', आणि काळी संपते तिथे शीव. शिवेवर देव असतो. मारुती असेल, नाहीतर शेंदूर लावलेला नुसता दगड. परका माणूस शीव ओलांडून आत आला की ती गावाची बातमी होत असे.

ही बातमी देणे आणि परक्याला पुढच्या शिवेपर्यंत पोचवणे हे काम बलुतेदारीत महारांकडे होते. गावाच्या हद्दी कुठून कुठे जातात याची खात्रीची माहिती त्यांच्याकडे असे. हद्दीच्या तंट्यात त्यांचा शब्द प्रमाण धरला जाई. इंग्रज अधिकाऱ्यांनीही वऱ्हाडाबद्दल लिहिताना हे नोंदवले आहे. सरकारी कामगार, प्रवासी, लष्करी माणूस कुणीही आला की वेसकराने त्याला वाट दाखवत पुढच्या गावी न्यायचे आणि तिथल्या वेसकराच्या हवाली करायचे. गावोगाव अशी साखळी होती. आज वाटाड्या हा शब्द आपण पर्यटनाच्या पत्रकात वापरतो, त्याच्या मुळाशी ही वेठ आहे.

जुन्या गावाचे वर्णन करताना काहींना भरून येते, की काय सुंदर व्यवस्था होती, कुणी परका वाट चुकत नसे, कुणाच्या पिकात शिरत नसे. खरे आहे. पण पावसाळ्यात रात्री-बेरात्री उठून अनोळखी माणसापुढे कोसभर चालायचे आणि परत यायचे, तेही ओझे घेऊन, हे ज्याच्या वाट्याला होते त्याला त्यासाठी कुणी विचारत नव्हते. हद्दीबाबत ज्याचा शब्द प्रमाण, त्याच माणसाला गावच्या विहिरीवर जाता येत नव्हते. वाटसरूला मिळणारी परवानगी गावाच्या नावाने दिली जाई आणि तिची किंमत एकाच आळीतून वसूल होई.

कोलामांच्या वस्तीचा रिवाज याहून वेगळा. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, राळेगाव या भागात कोलामांचे पोड आहेत. पोडाच्या मध्यावर चावडी असते, पंचायत आणि पूजा तिथेच. बाहेरून येणाऱ्याने आधी चावडीपाशी जावे, घरांच्या मागून येऊ नये. मी या भागात फिरू लागलो तेव्हा एका वयस्कर नाईकांनी मला हे शिकवले, आणि तेही बोलून नाही. मी पोडात पोचलो तेव्हा ते उठले आणि काही न बोलता मला चावडीपाशी घेऊन गेले. तिथे बसल्यावर म्हणाले, "आता सांगा भाऊ, काय काम काढलं?"

शेतातही अशाच काही पद्धती होत्या आणि बऱ्याच ठिकाणी आहेत. वावरात माणूस दिसला तर धुऱ्यावरूनच हाक द्यायची. खळ्यात पायताण घालून जायचे नाही. हरभऱ्याच्या दिवसांत वाटसरूने घाटे तोडून चालता चालता खाल्ले तर कुणी काही म्हणत नाही, पण दुपट्ट्यात बांधून नेले तर ती चोरी. पीक निघाल्यावर शेतात राहिलेला सरवा गरिबाने वेचायचा. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीत गावची ढोरे मोकळी सोडायची. म्हणजे एकाच वावराचे हक्क वर्षभर सारखे राहत नसत. जूनपासून ते एकाचे असे आणि उन्हाळ्यात थोडेसे सगळ्यांचे होई. कोणत्या महिन्यात विचारावे लागते आणि कोणत्या महिन्यात लागत नाही, हे ठाऊक असणे म्हणजे त्या गावचे असणे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. कागदोपत्री मुलूख निजामाचाच राहिला, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत. पण मोजणी कुणासाठी थांबली नाही. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात रयतवारी मोजणी सुरू झाली. तेहेतीस फुटी साखळी घेऊन वावर न् वावर मोजले गेले, कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला आणि नंबराला खातेदार. रयतेला याचा मोठा फायदा झाला, यात शंका नाही. जमीन विकता, गहाण टाकता येऊ लागली आणि कापसाच्या तेजीत तिला भाव आला. पण महिन्यागणिक बदलणारे हक्क नंबराच्या रकान्यात मावणारे नव्हते. सरवा वेचणारीचे नाव कुठल्या नंबरात लिहायचे?

गाव नकाशावर मात्र वाटा आल्या. जुना नकाशा उलगडला की दुहेरी तुटक रेषेने गाडीवाट दाखवलेली दिसते आणि एकेरी तुटक रेषेने पायवाट. गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाट सव्वाआठ फूट. हे चमत्कारिक वाटणारे आकडे साखळीतून आलेले आहेत. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. बैलगाडी किती रुंद असते हे मोजणीदाराने पाहिले असेलही, पण त्याच्या हातात जे माप होते त्याच मापाने वाट रुंद झाली.

जंगलाचे गणित आणखी कडक होते. १८८६ साली वऱ्हाडासाठी स्वतंत्र जंगल कायदा आला. जंगलांचे अ, ब, क असे तीन वर्ग झाले. अ वर्ग लाकूड आणि सरपणासाठी, ब वर्ग म्हणजे रमणे आणि गवताची राखीव कुरणे, क वर्ग चराईसाठी. अक्षरांची ही सवय वऱ्हाडाला इतकी जडली की आजही आमच्याकडे गायरानाला कुणी गायरान म्हणत नाही, 'ई-क्लास' म्हणतात. अगदी निरक्षर म्हातारीही म्हणते, "ई-क्लासात ढोरं गेली." ज्याला रान म्हणत होतो त्यात आता शुल्क भरून, पास घेऊन जायचे होते. कुठे कुऱ्हाड न्यायची, कुठे विळा न्यायचा, कुठे नुसती गाय न्यायची हे वनरक्षक सांगू लागला.

दोन कायदे एकाच सालचे आहेत, १८७१. एक जनावरांच्या अतिक्रमणाचा, ज्याने गावोगाव कोंडवाडे आले. परक्याच्या पिकात शिरलेले ढोर कोंडवाड्यात जाई आणि दंड भरून सुटे. दुसरा गुन्हेगार जमातींचा. हा ज्या जमातींना लागू झाला त्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडण्याआधी पास घ्यावा लागे. एक कायदा भटक्या जनावरासाठी आणि एक भटक्या माणसासाठी. दोन्हींची भाषा शेजारी ठेवून वाचली तर कुठला कुणासाठी हे ओळखायला क्षणभर थांबावे लागते. आता ताम्रपटाकडे पुन्हा वळून पाहा. ज्या समाजाला एका वजिराने कुणालाही न विचारता कुठेही शिरायची मुभा दिली होती, त्या समाजाची टिपणे दोनशे चाळीस वर्षांनी पोलीस खात्यातला माणूस लिहितो आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि बैलांवरच्या वाहतुकीचे दिवस संपत आले. फिरणे हा ज्यांचा धंदा होता त्यांचे फिरणे हाच संशय झाला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे.

यानंतरची मोठी घटना पुसदची. १९३० च्या एप्रिलमध्ये देशभर मीठ उचलले जात होते. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर मिठाचा सत्याग्रह झाला खरा, पण खाऱ्या विहिरी सगळीकडे कुठून आणायच्या? ज्याला प्रत्येक शेतकऱ्याचा हात लागतो आणि ज्यावर सरकारचे कुलूप आहे अशी वस्तू इथे एकच होती, गवत. जुलैत पाऊस पडला, रान हिरवे झाले आणि १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी विनापरवाना गवत कापले. त्यांना अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा झाली. अणे मूळचे वणीचे, जन्म २९ ऑगस्ट १८८०, यवतमाळात वकिली करणारे, टिळकांच्या तालमीतले. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी जंगल सत्याग्रह केला, त्यांना नऊ महिने मिळाले. मग वऱ्हाड आणि मध्य प्रांतात हे लोण पसरले. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रायगडच्या चिरनेरमध्ये, २५ सप्टेंबरला याच प्रकारच्या सत्याग्रहावर गोळीबार झाला.

अणे वकील होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय शिरणे आणि तिथली वस्तू उचलणे याला कायद्यात काय म्हणतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तरीही पुसदच्या कृतीत चोरीचे एकही लक्षण नाही. चोर वेळ सांगत नाही. इथे दिवस आधी जाहीर झाला होता, जागा जाहीर झाली होती, पोलिसांना माहीत होते, गर्दी जमली होती. सत्याग्रही राखीव जंगलाच्या हद्दीपाशी येतो, कापतो तेही विळाभर गवत, आणि पकडणाऱ्याची वाट पाहत उभा राहतो. माझ्या मते ही परवानगी धुडकावणे नव्हते. परवानगी देण्याचा अधिकार तुमच्याकडे आला कुठून, हा प्रश्न विचारण्याची ती रीत होती. शिवेवर उभे राहून हाक देण्याची जुनी पद्धत इथे उलटी वापरली गेली. हाक दिली, पण आत येऊ का असे विचारले नाही. 'आम्ही येतो आहोत' एवढे सांगितले.

त्या दिवसांतल्या उत्साहाची दुसरी बाजूही आहे. पुढाऱ्यांनी विळ्याने गवत कापले. पाठोपाठ काही भागांत लोकांनी कुऱ्हाडीने झाडे तोडली आणि ढोरे सरसकट राखीव रानात घातली. एकदा 'हे सरकारचे नाही' हे ठरले की मग कुणाचे आहे, याचे उत्तर लगेच तयार नसते. स्वातंत्र्यानंतरही ते बराच काळ तयार झाले नाही. वनखाते तेच राहिले, जवळजवळ कायदाही तोच, १९२७ चा.

शेताच्या बाबतीत उत्तर लवकर आले आणि ते लिहिले गेले पुसदच्याच एका माणसाच्या कारकिर्दीत. वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले, पेशाने वकील, आधी महसूलमंत्री आणि ५ डिसेंबर १९६३ पासून मुख्यमंत्री. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. मुंबई, वऱ्हाड, मध्य प्रांत आणि हैदराबाद इथले वेगवेगळे कायदे त्यात एकत्र आले. तिच्या १४३ व्या कलमात तहसीलदाराला अधिकार दिला आहे की एका नंबराच्या खातेदाराला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्या नंबरांच्या हद्दीवरून वाट हवी असेल तर चौकशी करून त्याने निर्णय द्यावा, आणि तो देताना शेतकऱ्याला शेतात पोचायची वाजवी सोय आहे का हे पाहावे. शब्द 'हद्दीवरून' असा आहे, 'मधून' नाही. वाट धुऱ्याने जावी हे गावात सगळ्यांना ठाऊक असलेले तत्त्व इथे कायद्यात आले. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे ५ वे कलम आहे, त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते.

याच संहितेत दोन जुने शब्द जपले गेले आहेत, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. निस्तार पत्रकात सरकारी पडीक जमिनीत गावाला गुरे चारायला, लाकूड-गवत घ्यायला काय मुभा आहे ते लिहायचे. वाजिब-उल-अर्जात खाजगी जमिनीतून आणि खाजगी पाण्यावर गावाचा वहिवाटीचा कोणता हक्क आहे, वाट कुठून, पाणी कुठले, मासे कुणी धरायचे, ते लिहायचे. फारसी नावाचा हा दस्तऐवज मला फार आवडतो. महिन्यागणिक बदलणारे, रकान्यात न मावणारे हक्क लिहायला काढलेली ती वही आहे. माझ्या गावच्या वाटेचे प्रकरण निघाले तेव्हा मी तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयात वाजिब-उल-अर्ज मागितला. खिडकीतल्या तरुणाने तो शब्द दोनदा विचारून घेतला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "सातबारा देऊ का?"

सातबारा सगळ्यांना हवा असतो, कारण त्यात मालकी आहे. वाट मालकीत नसते. पांदण रस्त्यांचे सगळे दुखणे इथेच आहे. दोन्ही बाजूंचे धुरे दरवर्षी एकेक तास आत सरकतात आणि तीस वर्षांनी साडेसोळा फुटांच्या गाडीवाटेतून मोटारसायकलही जात नाही. ट्रॅक्टर आला, मग सोयाबीन काढायचे हार्वेस्टर आले, आणि ज्यांचे धुऱ्यावरून पायी जाऊन भागत होते त्यांना आता रुंद रस्ता लागतो. २०२१ साली राज्य सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना आणली. २०२५ च्या मे महिन्यात शासनाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी असे ठरवले. वाजिब-उल-अर्जाचे काम शेवटी सातबाऱ्याच्याच एका कोपऱ्यात आले म्हणायचे. निर्णय चांगलाच आहे. पण वाट अडवणारा आणि वाट मागणारा बहुतेक वेळा सख्खे चुलतभाऊ असतात, एकाच आजोबाच्या नंबराचे दोन पोटहिस्से झालेले असतात, आणि तहसीलदार निघून गेल्यावर त्यांना एकाच पंगतीला बसायचे असते. अशा ठिकाणी हुकूम घेऊन गेलेला माणूस आणि चहा घेऊन गेलेला माणूस यांना एकाच धुऱ्यावर वेगवेगळी उत्तरे मिळतात. मी दोन्ही पाहिले आहेत.

जंगलाचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्याने दिले, निदान कागदावर. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाले. त्याच कायद्याच्या ३ ऱ्या कलमात स्थिर आणि फिरत्या अशा दोन्ही चराईचा आणि भटक्या पशुपालकांनी हंगामापुरती रानाची साधने वापरण्याचा हक्क मान्य केला आहे. भंगी-जंगींच्या वारसांना पुन्हा एकदा गवत-पाण्याचा कागद मिळाला, या वेळी तीन खुनांशिवाय. केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार केला. बाहेरच्या माणसाने तिथे कुणाला विचारायचे याचे उत्तर आता स्पष्ट आहे. विचारले जाते का, तो प्रश्न वेगळा.

आणि तिथेच, पांढरकवड्याजवळ, १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. सुन्ना फाटकावर पुण्या-हैदराबादच्या गाड्या पहाटे रांगेत लागतात, ओळखपत्र दाखवतात, शुल्क भरतात, वाटाड्या घेतात. तो वाटाड्या जवळच्या गावातला असतो. त्याला मोबदला मिळतो, गणवेश मिळतो आणि नाव विचारले जाते. वेसकराच्या वेठीपासून इथवरचा हा प्रवास झाला आहे, तो लहान नाही.

याच टिपेश्वरात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीत जाऊन-येऊन, कापसाच्या आणि तुरीच्या वावरांतून, नाल्यांच्या काठाने तेराशे किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या कॉलरचे बिंदू नकाशावर जोडले की दिसते, तो दिवसा बहुतेक ठिकाणी दडून राहिला आणि रात्री चालला. शेकडो खातेदारांच्या नंबरांतून तो गेला आणि त्यांतल्या बहुतेकांना ते कळलेही नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, राळेगाव-पांढरकवडा भागात माणसे मारल्याचा ठपका असलेली वाघीण गोळी घालून मारली गेली होती. तिच्या धाकात जागलीला जाणे बंद झाले होते, शेळ्या रानात नेणे बंद झाले होते. त्या हंगामात वावराच्या मालकालाच आपल्या वावरात जाताना चार माणसे गोळा करावी लागत होती.

वाघाच्या वाटेवर हल्ली बरेच लिहिले जाते. त्याच भागातून दरवर्षी जाणाऱ्या काठेवाडी मेंढपाळांवर फारसे कुणी लिहीत नाही. दिवाळीनंतर त्यांचे उंट आणि मेंढ्या दिग्रस-दारव्ह्याच्या बाजूला दिसू लागतात. मागच्या वर्षी एका वावरात त्यांचा म्होरक्या आणि शेतकरी यांची बोलणी ऐकायला मिळाली. सोयाबीन निघाले होते, हरभरा पेरायचा नव्हता. तीन रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत शेतात राहणार, त्याबद्दल ज्वारी किती द्यायची यावर घासाघीस चालली होती. शेतकरी शेवटी दोन पायल्यांवर आला. म्होरक्याने मान डोलावली, शेजारच्या वावराकडे बोट केले आणि विचारले, "ये धुरा किसका है, काका? उनको भी पूछना पडेगा." शेजारी यवतमाळला राहत होता. शेतकऱ्याने खिशातून मोबाईल काढला आणि नंबर लावला.